सक्युलंटची मिश्र कुंडी : आधी पंगत जमवा, मग रंग

गच्चीवाली (पुणे) | ३ डिसेंबर

मागच्या आठवड्यात भाचीच्या वास्तुशांतीला मिश्र सक्युलंटचा, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल रोपांचा, एक उथळ मातीचा परळ भरून दिला. तेव्हापासून फोनवर तोच विषय चालू आहे. कुठली रोपं, कुठली माती, पाणी किती. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहिते. तुमचेही अनुभव जोडा, म्हणजे पुढच्या माणसाला सगळं एका जागी सापडेल.

पहिली दोन वर्षं मी रंग बघून रोपं आणायचे. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या बोलमध्ये निळसर इचेव्हेरिया, मधोमध अडेनियम, कडेला हॉवर्थिया आणि लाल टोपीचा मून कॅक्टस, अशी माझी पहिली रचना. पाच आठवडे ती दृष्ट लागण्यासारखी दिसली. मग थंडी पडली. अडेनियम थंडीत झोपतं, पानं गाळतं, त्याला तेव्हा पाणी नकोच असतं. इचेव्हेरियाचा मात्र आपल्याकडे तोच सुखाचा काळ. तिच्यासाठी पाणी घातलं आणि अडेनियमचा गड्डा तळातून मऊ पडला. तिच्यासाठीच बोल उन्हात सरकवला, तर हॉवर्थिया तांबूस होऊन आक्रसून बसली. एकही रोप वाईट नव्हतं. त्यांना शेजारी बसवणं चुकलं होतं.

तेव्हापासून मिश्र कुंडी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर पंगत येते. पंगतीत सगळ्यांना वाढप एकच. ज्यांना सारखंच ऊन, सारखंच पाणी आणि सारखाच झोपेचा काळ चालतो, त्यांनीच मांडीला मांडी लावून बसायचं. रंग, उंची, पानांचा आकार हा विचार त्यानंतर.

पुण्याच्या हवेत माझ्या तीन पंगती ठरल्या आहेत. पहिली उन्हाची: इचेव्हेरिया, घोस्ट प्लांट म्हणतात ते ग्रॅप्टोपेटालम, आणि सेडमचे जमिनीलगत पसरणारे प्रकार. यांना सकाळचं चार-पाच तास ऊन लागतं. इचेव्हेरिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, म्हणून तिला उजेड भरपूर हवा आणि रात्र गार हवी. दुसरी सावलीची: हॉवर्थिया, गॅस्टेरिया, बुटका स्नेक प्लांट. यांना उजेड पुष्कळ, पण थेट ऊन कोवळंच. खिडकीतल्या कुंडीसाठी हीच पंगत. तिसरीला मी राकट म्हणते: जेड, एलिफंट बुश, पांडा प्लांट, छोट्या जातीच्या कोरफडी. आपलं थोडं चुकलं तरी ही रोपं सांभाळून घेतात. पहिलीच कुंडी भरत असाल तर इथून सुरुवात करा.

अडेनियम आणि दगडासारखं दिसणारं लिथॉप्स यांना मी एकटंच ठेवते. मून कॅक्टसही. त्याची लाल टोपी हरितद्रव्य नसलेली असते, ती दुसऱ्याच निवडुंगाच्या हिरव्या खोडावर कलम केलेली असते आणि सगळं पोषण त्या खोडाकडून घेते. एका कुंडीत मुळात दोन जीव, त्यात आणखी पाहुणे नकोत.

आता भांडं. माझा आवडता परळ, म्हणजे कुंभाराकडचं उथळ मातीचं ताट. झिलई नसलेली भाजकी माती श्वास घेते, तिच्या अंगातूनही पाणी उडून जातं. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मी १० इंच रुंद आणि ४ इंच खोल असे परळ घेते आणि तळाला तीन भोकं पाडून घेते. भोक नसलेल्या भांड्यात मी काहीही लावत नाही.

मिश्रणाबद्दल माझं मत पक्कं आहे. चार भाग खरबरीत खडे: सिंडर (कोळसा जळून उरलेले खडे), पमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा विटांचा चुरा, दाणा ज्वारीपासून हरभऱ्याएवढा. एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत. वर मूठभर निंबोळी पेंड. खडे आधी चाळून धुळीसकट सगळं बारीक काढून टाका आणि धुऊन घ्या. ही बारीक भुकटीच पुढे खाली बसून चिखल करते. आणि शेतातली काळी माती चिमूटभरही नको. ती पाण्याने फुगते, सुकली की आकसून तडे जातात आणि बारीक मुळं तुटतात.

रचनेचं सांगते, कारण इथेच सगळ्यांची घाई होते. कुंडी वरून दिसणार आहे की समोरून, हे आधी ठरवा. टीपॉयवरचा परळ वरून दिसतो, त्यात इचेव्हेरियाची चक्रं फुलासारखी दिसतात. कपाटावरचा समोरून दिसतो, तिथे तीच चक्रं कोबीच्या गड्ड्यासारखी दिसतात आणि उंच रोप हवं असं वाटू लागतं. उंच रोप मी मध्यभागी कधीच लावत नाही. एका बाजूला, आणि भांड्याच्या खोलीच्या दीडपट ते दुपटीपेक्षा उंच नाही. त्याच्या पायाशी भरीव रोपं, आणि काठावरून ओघळणारं एखादंच. रंग फार तर तीन. त्यातला एक निळसर राखाडी असला की मातीच्या लाल रंगावर तो फार सुंदर उठतो. आणि तळहाताएवढी जागा मोकळी सोडा, नुसते खडे. आधी ही जागा सोडायला माझा जीव होत नसे. आता सगळ्यात आधी तीच ठरवते.

भाचीच्या परळात सात रोपं आहेत: एक मोठी निळसर इचेव्हेरिया, दोन जांभळट काळ्या पानांच्या लहान इचेव्हेरिया, तीन घोस्ट प्लांट आणि काठावर सेडमचा एक पुंजका. मुळांवरचं नर्सरीतलं कोकोपीट बोटांनी हलकेच काढून टाकलं, दोन दिवस रोपं सावलीत तशीच सुकू दिली, मगच लावली. इचेव्हेरिया खालच्या पानांना धरून उचलते, वरच्या पानांना बोट लावत नाही. पानांवर जी पांढरी भुकटी असते ती मेणाची. अंगठा लागला की तिथे ठसा उमटतो आणि त्या पानावर तो कायम राहतो. गेल्या वर्षीच्या एका पानावर माझ्या अंगठ्याच्या रेषा अजून मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. पानांवर पडलेले खडे काढायला मी मुलाचा जुना, मऊ केसांचा रंगाचा ब्रश वापरते. लावल्यावर आठ दिवस पाणी नाही, तोवर मुळांच्या जखमा भरतात. मग एकदा भोकांतून वाहीपर्यंत पाणी, आणि पुढे पूर्ण सुकेपर्यंत काही नाही.

खडीसाखर (नवी मुंबई) | ३ डिसेंबर

ताई, किती छान लिहिलंत! मी अगदी नवी आहे. दोन शंका. सगळीकडे सांगतात की तळाला खडीचा थर द्यावा म्हणजे पाणी निथळतं. तुम्ही तो दिलेला दिसत नाही. आणि माझ्याकडे लग्नात आलेला काचेचा मोठा बोल आहे, त्याला भोक नाही. खडी आणि कोळसा खाली घालून त्यात लावलं तर?

गच्चीवाली (पुणे) | ४ डिसेंबर

खडीसाखर, खडीच्या थरावर माझाही पाच वर्षं विश्वास होता. घरात करून बघ. भांडी घासायचा नवा, आयताकृती स्पंज घे, पाण्यात भिजव आणि हातात आडवा धर. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा कर. आणखी पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पण उभा केल्यावर पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली आणि वरचं पाणी खाली ओढलं गेलं. दोन्ही वेळा तळाचा एक पट्टा मात्र ओलाच राहतो.

कुंडीतही असंच होतं. मिश्रणाच्या तळाशी एक ओला पट्टा नेहमीच राहतो. खाली खडीचा थर दिला की बारीक मिश्रणातलं पाणी खडीत सहजी उतरत नाही, तो ओला पट्टा खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे, तोही खडे गळू नयेत म्हणून.

यातून आणखी एक गोष्ट निघते. उथळ परळात खोल कुंडीपेक्षा ओल्या पट्ट्याचं प्रमाण जास्त असतं. भांडं जितकं उथळ, तितकं मिश्रण खरबरीत हवं. लोक उलटं करतात, शोभेच्या उथळ भांड्यात बागेची माती भरतात.

काचेच्या बोलसाठी सांगते. रोपं आपापल्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांतच राहू दे. त्या बोलमध्ये मांड आणि मधल्या फटी खड्यांनी बुजव, कुंड्यांचे काठ दिसणार नाहीत असं. पाण्याच्या दिवशी कुंड्या उचलायच्या, मोरीत पाणी घालायचं, पूर्ण निथळल्यावर परत ठेवायच्या. कोळशाने साचलेलं पाणी नाहीसं होत नाही.

चौथा मजला (मुंबई, गिरगाव) | ४ डिसेंबर

काचेला आणि चिनी मातीला भोक पाडता येतं, मी आतापर्यंत बाराएक भांडी केली आहेत. त्यासाठी डायमंड होल बिट मिळतं, नळीसारखं पोकळ. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, गती कमी. जागेवर चिकटपट्टी लावायची म्हणजे बिट घसरत नाही. सुरुवात थोडी तिरकी करायची, खोबण पडली की सरळ करायचं. सगळा वेळ तिथे पाण्याची बारीक धार हवी, जोर अजिबात द्यायचा नाही. दुसऱ्या बाजूला निघायच्या वेळी हात आणखी हलका. विजेचं यंत्र आणि पाणी एकत्र आहे, त्यामुळे बॅटरीवर चालणारं ड्रिल वापरा आणि चष्मा लावा. टेम्पर्ड काचेच्या वाटेला जाऊ नका, तिचा चुरा होतो.

पंगतीची कल्पना पटली. माझ्याकडे खिडकीचं बॉक्स ग्रिल, पश्चिमेचं ऊन, समुद्र हाकेच्या अंतरावर. इचेव्हेरिया मी चार वेळा आणली, चारही वेळा पावसाळ्यात गेली. बाकी सक्युलंटसारखीच ती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्रीच आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते, आणि दिवसा उजेड आला की वापरते. हा सगळा बेत गार रात्रींवर आखलेला. आमच्याकडे जूनमध्ये पहाटे तीनलाही कपाळावर घाम असतो.

म्हणून मी तुमच्या राकट पंगतीवरच थांबलो. माझी आवडती कुंडी: एक वाकडा एलिफंट बुश, छोट्या वडासारखा छाटलेला, त्याच्या पायाशी बुटका स्नेक प्लांट आणि दोन हॉवर्थिया. बुशने वरून सावली धरली की पश्चिमेचं ऊन हॉवर्थियांना गाळून मिळतं. तीन वर्षं झाली.

गच्चीवाली (पुणे) | ४ डिसेंबर

चौथा मजला, हे फार सुरेख आहे. मी राकट आणि सावलीच्या पंगती वेगळ्या मांडल्या होत्या. तुम्ही मोठ्या रोपाच्या सावलीत दुसरी पंगत बसवलीत. एकाच भांड्यात ऊन आणि सावली दोन्ही तयार होतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. करून बघते.

नागपुरी ऊन (नागपूर) | ५ डिसेंबर

आमचा त्रास वेगळाच आहे. मे महिन्यात ४५ अंश होऊन जाते. खडे इतके तापतात की हात लागत नाही, आणि त्या खड्यांना टेकलेली खालची पानं शिजतात. वर काळे खडे पसरवले होते, दिसायला राजेशाही. एका आठवड्यात घोस्ट प्लांटच्या बुडाला तपकिरी कडं पडलं. आता उन्हाळ्यात पांढरट खडे वापरते, फेब्रुवारीच्या शेवटी ५० टक्क्यांचं शेडनेट बांधून टाकते आणि पाणी अंधार पडल्यावरच घालते. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी म्हणजे मुळांना उकडून काढणं.

आणखी एक. महागडी रोपंच पाहिजेत असं नाही. आमच्या अंगणातली शोभेची कुंडी ऑफिस टाइमची आहे, म्हणजे चिनी गुलाब. तोही मांसल पानांचाच. भाजीतली घोळ त्याच्याच कुळातली. उन्हाळ्यात बाकी सगळं मान टाकून बसलं असते तेव्हा त्याच्या पाच रंगांच्या फुलांनी कुंडी भरून जाते.

कातळसडा (रत्नागिरी) | ५ डिसेंबर

कोकणातून लिहितो. इथे भांड्यासाठी दूर जावं लागत नाही, जांभा आहे. चिरेखाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, छिन्नीने चार इंच खोल पोकळ करायला अर्धा दिवस पुरतो. हवा लागत गेली की कठीण होतो. अंगभर छिद्रं असल्यामुळे निचरा चांगला, तरी तळाला आरपार भोक मी पाडतोच. त्या लाल दगडावर जेड आणि हॉवर्थियाचा हिरवा रंग शोभून दिसतो. एक चिरा घरामागच्या पायरीवर ठेवलाय, वर्षभरात त्याच्या बाजूंवर शेवाळ धरलं, आता तो शंभर वर्षांचा वाटतो.

पावसाचं मात्र काटेकोर पाळावं लागतं. इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या कुंड्या पडवीत आत. पारदर्शक पत्र्याखाली, पण बाजू उघड्या. बाजू बंद केल्या की वारं थांबतं, आणि पाऊस न लागताही रोपं कुजतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मी पाणी जवळजवळ देतच नाही, हवेतच इतकी ओल असते. पानं सुरकुतली तरच वाटीभर, तेही उघडीप असेल त्या दिवशी.

सह्यभटका (जुन्नर) | ७ डिसेंबर

कुंडीत आपल्या मातीतली सक्युलंट का लावू नयेत? किल्ल्यांवर कड्याला माकडशिंग दिसते, चौकोनी खोडाची. एकदोन फांद्या आणून अशा परळात लावल्या तर फार वेगळं दिसेल असं सारखं मनात येतं.

कातळसडा (रत्नागिरी) | ७ डिसेंबर

मित्रा, कळकळीने सांगतो, कड्यावरून काहीही आणू नको. तू जुन्नरचा, म्हणजे शिवनेरी तुझ्या दारात. माकडशिंगाच्याच नात्यातली शिंदळ माकडी तिथलीच. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. निसर्गात ती महाराष्ट्राबाहेर कुठेच नाही, आणि महाराष्ट्रातही मोजक्याच कड्यांवर. तिच्या भाऊबंदांची खोडं निष्पर्ण किंवा जवळपास तशीच असतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळून जातात. त्या वेळी कड्यावरची ती काडी आणि माकडशिंग यांतला फरक नवख्याला कळत नाही. माकडशिंग म्हणून तू जे उपटशील ते काय असेल, सांगता येणार नाही.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिचं तारामाशासारखं, तांबूस किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांचं फूल कड्यावर दिसतं. ते बघायला मी दोनदा तिकडे आलोय. फोटो काढ, आम्हाला दाखव.

किनाऱ्यावरून (सॅन दिएगो) | ८ डिसेंबर

कातळसडा यांना माझं पूर्ण अनुमोदन. इथे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कड्यांवर डडलिया नावाची पांढऱ्या मेणाची सक्युलंट उगवते. दिसायला इचेव्हेरियाची बहीण. घरातल्या शोभेसाठी परदेशात मागणी वाढली आणि लोकांनी ती कड्यांवरून हजारोंनी खरवडून नेली. शेवटी २०२१ मध्ये राज्याला ती रानातून काढण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. नर्सरीत बियांपासून वाढवलेलीच घ्यायची, हा नियम मी स्वतःपुरता सगळ्याच रोपांना लावला आहे.

आमची हवा या रोपांना माहेरासारखी, उन्हाळा कोरडा, रात्री गार, पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे वाढवण्याच्या युक्त्या मी काय सांगणार. रचनेचं एक सांगते. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन मारिनोला हंटिंग्टन बागेत १९०७ मध्ये सुरू झालेला मोठा वाळवंटी विभाग आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या सोनेरी गोल निवडुंगांपुढे किती वेळ उभी होते. एकच रोप, लहानमोठ्या वयाचं, पुन्हा पुन्हा लावलेलं. घरी येऊन माझी नऊ जातींची कुंडी मोडली आणि त्यात तीनच जाती ठेवल्या. मोठी, मधली, लहान अशी एकाच जातीची तीन रोपं शेजारी आली की ती कुटुंबासारखी दिसतात. ताईंनी परळात तीन घोस्ट प्लांट लावलेत ते म्हणूनच छान वाटत असणार.

गच्चीवाली (पुणे) | ८ डिसेंबर

हो, अगदी त्याचसाठी. रांगोळीत एकच ठिपका पुन्हा पुन्हा येतो तसं. प्रत्येक जातीचं एकेक रोप लावलं की कुंडी नर्सरीच्या नमुन्याच्या ट्रेसारखी दिसते.

खडीसाखर (नवी मुंबई) | १४ डिसेंबर

मदत करा! एका नर्सरीतून पाच रोपं आणली. त्यातल्या एका निवडुंगावरचं सुंदर गुलाबी फूल निघाले गरम गोंदाने चिकटवलेलं वाळकं फूल. आणि एका इचेव्हेरियाच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय. मेणाची भुकटी म्हणतात ती हीच का? मुंग्याही आहेत.

गच्चीवाली (पुणे) | १४ डिसेंबर

मुंग्या आहेत म्हणजे ते मेण नव्हे, पिठ्या ढेकूण. मेणाची भुकटी पानभर सारखी पसरलेली असते, हा बेचक्यात गोळा होतो. मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी येतात. ते रोप आत्ताच्या आत्ता बाकीच्यांपासून लांब ठेव. कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक ढेकणाला टेकव, सावलीत, संध्याकाळी. तिथलं मेण जाईल, पण नवी पानं चांगली येतील. पाचसहा दिवसांनी परत, असं निदान तीनदा. कुंडीतून काढून मुळंही बघ. मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला पिठासारखे पांढरे ठिपके असतील तर माती सगळी फेकून दे, मुळं धू, सुकव, नव्या मिश्रणात लाव.

नवीन रोप घरात आलं की मी ते तीन आठवडे वेगळं ठेवते. परळ भरायची कितीही घाई असली तरी. एका रोपाबरोबर आलेला ढेकूण पंगतभर फिरतो.

आणि फूल चिकटवलेलं रोप घेऊ नये, तसंच रंग फवारलेलंही. रंगाने पानांचा उजेड अडतो. नर्सरीने वर गोंदाने चिकटवलेले खडे असतील तर तेही काढून टाक, नाहीतर पाणी बुंध्याशी कसं पोचतंय ते दिसत नाही.

चौथा मजला (मुंबई, गिरगाव) | १५ डिसेंबर

एक धोक्याची सूचना राहू नये. उंच रोप म्हणून हल्ली फायरस्टिक फार विकतात, केशरी काड्यांचा. तो आपला कुंपणाचा शेरच, रंग वेगळा एवढंच. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. माझ्या बहिणीने छाटताना त्याच हाताने डोळा पुसला, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, दोन दिवस डोळा उघडत नव्हता. घरात लहान मुलं असतील तर हे रोप लावूच नका. लावलंत तर हातमोजे आणि चष्मा घालून.

सह्यभटका (जुन्नर) | २० डिसेंबर

कड्यावरून काही आणणार नाही, शब्द देतो. पण एक कल्पना सुचली ती केली. दिवाळीत पोरांनी केलेला किल्ला मोडायला आला होता. हळीव सुकून गेलं होतं. त्यातले बेसाल्टचे दगड घेतले, जुन्या मोठ्या परळात एका बाजूला कडा रचला, फटींमध्ये तुमचं खरबरीत मिश्रण दाबून भरलं आणि नर्सरीतल्या सेडमच्या काड्या, एक छोटी हॉवर्थिया, दोन जेड बसवले. मुलाने बालेकिल्ल्यावर मावळा ठेवलाय. हॉवर्थिया कड्याच्या उत्तरेच्या कुशीत आहे, तिला सावली मिळते.

गच्चीवाली (पुणे) | २० डिसेंबर

फोटो बघून मन भरून आलं! दगड थोडे मागे कललेले ठेवलेत ते बरोबर आहे, पाणी फटीत आत जातं. सेडम तीन महिन्यांत तटबंदीवरून ओघळेल. सेडमला ऊन मिळू दे आणि जेडला पाणी थोडं उशिरा, एवढं बघा.

खडीसाखर (नवी मुंबई) | २१ सप्टेंबर

नऊ महिन्यांनी परत आले. त्या पाच रोपांतली इचेव्हेरिया ढेकणातून वाचली होती, पण जुलैत गेली. सकाळी बघितलं तर सगळी पानं पाणचट, हात लावताच गळून पडली. दोन दिवस रडू येत होतं. मग चौथा मजला यांच्यासारखी कुंडी भरली, एलिफंट बुशच्या सावलीत तीन हॉवर्थिया, एक लहान, दोन मोठ्या. काचेचा बोल आईला देऊन टाकला आणि परळ घेतला. पावसाळाभर तीन वेळाच पाणी घातलं. सगळी जिवंत आहेत, आणि आज एका हॉवर्थियाच्या बुडाशी दोन पिल्लं दिसली, तांदळाएवढी. ती आत्ता वेगळी करू का?

गच्चीवाली (पुणे) | २१ सप्टेंबर

अजिबात नको. पिल्लं आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होऊ देत, आणि पिल्लाला स्वतःची दोन मुळं फुटलेली दिसू देत. डिसेंबरात बघ. तोवर त्या बाजूचे खडे चमच्याने जरासे बाजूला सार, म्हणजे पिल्लांना वर यायला वाट मिळेल.